कपडे न नेण्याची तयारी

आपल्याकडे कुणी प्रेमाने बोलावलं तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. "हो, येऊ ना एकदा," म्हणायचं. बोलावणाऱ्याला कळतं की हे काही येत नाहीत, त्याला कळलंय हे आपल्यालाही कळतं, आणि कुणाचंच मन मोडत नाही. पण मी राहते नेदरलँड्समध्ये. इथे "येऊ ना एकदा" म्हटलं की माणूस उठतो, आत जातो, डायरी घेऊन येतो आणि विचारतो, "कुठल्या आठवड्यात?" इतकी वर्षं इथे काढून मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी जीभ घसरली, एवढंच. फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राचा एक किनारा आहे, तिथे कुणाच्याच अंगावर कपडे नसतात. जन्मात कधी बिनबाह्यांचा ब्लाउज न घातलेली मी तिथे जायचं कबूल करून बसले.

कबूल केलं ते शेजारीणबाईंकडे. नीउ-व्हेनेपमध्ये आमची घरं एकमेकांना लागून, मागच्या परसात कमरेएवढं लाकडी कुंपण. बाई सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान पहिल्या लॉकडाउनमध्ये गेले. कोरोनाने नव्हे, हृदयविकाराने, पण काळ तोच, त्यामुळे अंत्यविधीला मोजकीच माणसं. मी, माझा नवरा आणि गल्लीतले बाकीचे फुटपाथवर दीड-दीड मीटर अंतर ठेवून उभे राहिलो. गाडी हळूहळू समोरून गेली. बाईंनी काचेतून आम्हाला हात केला. त्यांना जवळ घ्यायला कुणी पुढे झालं नाही, होताच येत नव्हतं. आपल्याकडे अशा घरात आठवडाभर माणसांचा राबता असतो, चूल पेटू देत नाहीत. मी काय करणार? वरणभाताचा डबा त्यांच्या दारात ठेवायचे, बेल वाजवायचे आणि चार पावलं मागे सरायचे. त्या डबा उचलायच्या आणि आम्ही तशाच लांबून बोलायचो. उन्हाळा आला तशा आमच्या खुर्च्या परसात गेल्या, कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

तिथेच एका दुपारी त्यांनी सांगितलं की लग्नानंतर जवळजवळ दर वर्षी ते दोघं गाडीमागे कॅराव्हॅनचं फिरतं घर जोडून त्या किनाऱ्यावर जायचे. "कपडे न घालण्याचा किनारा," त्या अगदी सहज म्हणाल्या, बाजारात टोमॅटो चांगले आलेत म्हणावं तशा. माझा चहा नाकात गेला. इतक्या नेटक्या बाई, घरात सुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या! पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "एकदाच जायचंय," त्या म्हणाल्या. "आमची जिथे जागा होती तिथे बसून यायचंय. एवढ्या लांबवर गाडी मला एकटीला चालवता येणार नाही, आणि मुलं म्हणतात, आई, काहीतरीच काय. तू येशील?"

नवरा जाऊन चार महिने झालेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हो, जाऊ ना. नक्की जाऊ." बाई उठल्या. डायरी आली. माझी अशी तारांबळ उडाली की विचारू नका. म्हटलं, आत्ता तर सगळं बंदच आहे, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी डायरीच्या शेवटी, पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या पानावर, सप्टेंबरचा दुसरा आठवडा लिहून टाकला. शाळा उघडलेल्या असतात, गर्दी नसते, पाणी अजून कोमट असतं, असंही वर सांगितलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. "अगं, समुद्रावर जाताना आपण एक जोड जास्त घेऊन जातो! आणि तू..." हसू आवरेना त्याला. "बरं, मंगळसूत्राचं काय? ते घालणार की तेही नाही?"

"बेशरम," मी म्हटलं. "आणि गाडी कोण चालवणार आहे? तू."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "मी? म्हणजे मीपण...?"

"तू गाडीतच बस."

मग मात्र दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता एकदम गप्प झालो. दोघांनाही एकाच वेळी आठवलं असणार.

माझ्या अंगावर पांढरे डाग आहेत. कोड. हा शब्द मी इथे लिहिला, पण आमच्या घरात तो कुणी उच्चारत नाही. आई पुण्याहून फोनवर "ते" म्हणते. "ते वाढलं का गं?" पहिला डाग कमरेवर आला तेव्हा मुलगा पोटात होता. आईला दाखवला तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "बरं झालं बाई, लग्न झाल्यावर आलं." आणि दुसरं, "चेहऱ्यावर नाही ना? मग झाकून राहील." पुढे बावचीचं तेल सुरू झालं, आंबट बंद झालं, मासे खाऊन वर दूध प्यायलीस का याची चौकशी झाली. मी लायडनला प्रयोगशाळेत काम करते, पेशींचंच काम. त्वचेतला रंग का जातो हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग झाला नाही, आईपुढे निमूट तेल चोळून घेतलं.

डाग पसरत गेले. पोटावर आले, मांड्यांवर आले. चेहरा आणि हात तेवढे सुटले, म्हणून जगाला पत्ता नाही. मुलगा लहान असताना त्याच्या पोहण्याच्या वर्गाला बाकीच्या आया पाण्यात उतरायच्या, मी त्या दमट हवेत पूर्ण बाह्यांच्या कुडत्यात घामाघूम बसून राहायचे. पाणी सोसत नाही म्हणून सांगायचे. कपडे बदलायचे ते गाऊनच्या आतल्या आत, परकराची नाडी दातात धरून, घरात चिटपाखरू नसलं तरी.

परक्या माणसाने पाहिलं ते एकदाच. इथल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, आडोशाला पडदा नसतो की पांघरायला चादर नसते. काढा म्हटलं की काढायचं. खोकला हटेना म्हणून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "व्हिटिलिगो. त्रास होतो का?" मी नाही म्हटलं. त्यांनी ते टाइप केलं आणि माझ्या छातीला नळी लावली. बस्स. एवढंच. घरी येताना सायकलवर मला रडू फुटलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय असं स्वतःलाच सांगितलं.

आणि नवरा. डाग मांड्यांवर उतरले तेव्हापासून मी खोलीतला दिवा घालवायला लागले. आधी दिवा असायचा. एक दिवस हात लांब करून मी बटण बंद केलं, तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदाही बोलला नाही. मग ती रीतच पडली, आणि हळूहळू दिवा घालवण्याचं कारणही उरलं नाही. दहा-बारा वर्षं होऊन गेली असतील. माणूस सोन्यासारखा आहे. आम्ही भांडतो, हसतो, रविवारी मिळून भाजी निवडतो. पण त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं की त्याला किळस येते, आणि भला आहे म्हणून तो बोलून दाखवत नाही.

त्यामुळे किनाऱ्याचं ते प्रकरण मी मुळीच मनावर घेतलं नव्हतं. महामारी आहे, आपोआप बारगळेल. बातम्यांत इथले पंतप्रधान काही नवीन बंद झाल्याचं सांगायचे तेव्हा सगळा देश वैतागायचा आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचे. हिवाळ्यात संचारबंदी लागली तेव्हा तर मनातल्या मनात पेढे वाटले. बाई मात्र कुंपणापलीकडून माझा अभ्यास घेत होत्या. बसायचं ते स्वतःच्या टॉवेलवरच, कुठेही टेकायचं तर आधी टॉवेल. कॅमेरा काढायचा नाही. बोलताना तोंडाकडे बघायचं. मी विचारलं, "मग चावी, पैसे कुठे ठेवायचे?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पिशवीत. पिशवीला बंदी नाही." घरात कुणी नसताना रोज थोडा वेळ तशीच वावर म्हणजे सवय होईल, असाही गृहपाठ दिला. आता घरात कुणी नसायला हवं ना! नवरा वर्षभर माळ्यावरच्या खोलीत हेडफोन लावून ऑफिस करत होता, दर तासाला चहाला खाली यायचा.

मग एप्रिल आला. तो एप्रिल कोणता ते वेगळं सांगायला नको. भारतातून रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याचा निरोप. तिकडची विमानं इथे बंद केलेली. आई घरात कोंडून घेऊन सुखरूप राहिली. पण माझी शाळेपासूनची मैत्रीण गेली. माझ्याच वयाची, दोन वेण्या घालून माझ्या शेजारी बाकावर बसणारी. दवाखान्यातून तिला गुंडाळूनच बाहेर आणलं. तिच्या नवऱ्याने खूप विनवण्या केल्या, तरी चेहरासुद्धा दाखवला नाही. मला हे तिच्या बहिणीने फोनवर सांगितलं. फोन ठेवला आणि मी प्रयोगशाळेच्या जिन्यात तशीच उभी राहिले. मनात आलं, उद्या मी गेले तर मलाही असंच नेतील. आणि मला तर जिवंतपणीही कुणी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं मी हे शरीर कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जपलं, आणि असं कुणीही न पाहता ते जळून जाणार. मला फार भीती वाटली. मरणाची नव्हे, याची.

त्या दिवसापासून मला तिथे जावंसं वाटायला लागलं. खरं सांगते, ओढच लागली. लोकं काय म्हणतील हा प्रश्नच नव्हता, तिथे मला ओळखणारं होतं कोण? कुणीतरी एकदा मला सबंध पाहावं आणि त्या डॉक्टरीणबाईंसारखं आपल्या कामाला लागावं, एवढंच हवं होतं. न्हाणीघराच्या आरशापुढे मी पहिल्यांदा दिवा लावून उभी राहिले. वाईट दिसत नव्हते हो. वेगळी दिसत होते. लस घेतली, फोनवर तो क्यूआर कोड आला, रजा टाकली. "खरंच जाणार?" नवऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो गाडीच्या टायरमधली हवा तपासायला गेला. म्हटलं, चला, निदान अडवत तरी नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. चांगलं ऊन पडलं होतं. बाईंनी कुंपणावरून विचारलं, "उन्हाचं क्रीम किती घेऊ? तुझी कातडी भाजत नसेल ना, सावळी आहे."

"भाजते," मी म्हटलं. "माझ्या अंगावर पांढरे डाग आहेत. पोटावर, मांड्यांवर, आता पाठीवरही आलेत असं वाटतं, तिथे खाज सुटते. तेवढी कातडी लगेच भाजते."

डचमध्ये बोलत होते. जे वाक्य मराठीत जन्मात माझ्या तोंडून निघालं नसतं, ते डचमध्ये सुरळीत बाहेर पडलं. त्या भाषेत मला कुणी कधी "झाकून राहील" म्हटलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग मोठी बाटली घेऊ. पाठीला मी लावून देईन." संपला विषय. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे हसले. वळून बघते तर नवरा दोरीपाशी उभा. धुतलेला शर्ट त्याच्या हातात तसाच, पाणी ठिबकतंय. त्याने तो शर्ट वाळत घातला, चिमटे लावले आणि आत निघून गेला.

त्यानंतर आठवडाभर तो कामापुरतंच बोलला. मीठ दे, दार लाव, मुलाचा एनस्खेडेच्या होस्टेलवरून फोन आला होता. मला संताप आला. म्हणजे काय, बाहेर बोलले याची लाज वाटली वाटतं साहेबांना! घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती म्हणे. मीही हट्टाला पेटले. त्याच्यासमोर मुद्दाम टॉवेल मोजून बॅगेत भरले.

निघायला चार-पाच दिवस उरले असताना दुपारी बेल वाजली. बाई दारात उभ्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "मला माफ कर. सगळी तयारी झाली आणि आज सकाळी मला कळलं की मला जमणार नाही. तिथे इतकी वर्षं गेले, पण मला कधी उघडं वाटलं नाही. तो शेजारी असायचा ना. आता एकटी उभी राहिले तर पहिल्यांदाच नागडी होईन."

आता दीड मीटरबिटर कुणी मानत नव्हतं, मी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. काही हरकत नाही म्हटलं, चहाला येते संध्याकाळी म्हटलं. त्या गेल्या. मी दार लावलं आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागले. मलाच कळेना हे काय चाललंय.

नवरा माळ्यावरून धावत खाली आला, हेडफोन गळ्यात. "काय झालं? पुण्याहून फोन आला का? आई?"

"नाही रे. बाई येत नाहीत म्हणाल्या."

त्याचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? मग सुटलीस की. तुला तरी कुठे जायचं होतं!"

"जायचं होतं मला!" मी ओरडलेच. "तुला नाही कळायचं. मरायच्या आधी एकदा कुणीतरी मला बघायला हवं होतं. सबंध. उजेडात. कुणीही चाललं असतं!"

तो माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर हळूच टेकला. गळ्यातल्या हेडफोनमधून कुणाकुणाचे बारीक आवाज येत होते, त्याची मीटिंग चालूच होती. त्याने ती बंद केली.

"मी होतो की गं इथे," तो म्हणाला.

मला रागच आला आधी. "तू? तू कधी एका शब्दाने विचारलंस?"

"दिवा तू घालवलास. मला वाटलं, मी नकोसा झालोय. बायकोने दिवा घालवल्यावर माणसाने काय विचारायचं?" त्याने हेडफोन काढून बाजूला ठेवला. "पाठीवर आलेत हे मला माहीतसुद्धा नव्हतं. शेजारणीला सांगितलंस तेव्हा कळलं. माझ्या बायकोची पाठ, आणि मला ते कपडे वाळत घालताना कळतं."

"किळस नाही येत तुला?" मी विचारलं. इतकी वर्षं घशात अडकलेलं ते शेवटी मराठीत बाहेर आलं.

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला, आणि रडायला लागला. त्याचे वडील गेले तेव्हाही तो माझ्यासमोर असा रडला नव्हता.

जिन्यात वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं. शेवटी मी डोळे पुसले.

"कुठवर गेलेत ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "आरशात पाठ दिसत नाही. तू बघून सांग."

मी बसल्या जागी त्याच्याकडे पाठ केली आणि कुडता दोन्ही हातांनी वर, पार मानेपर्यंत, सरकवला. पाठीला ऊन लागलं. अंगावर काटा आला. मागून त्याच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. त्याने एक बोट माझ्या पाठीवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"थांब हं," तो म्हणाला. "असं नीट दिसत नाही. चष्मा घेऊन येतो."

तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळाला. मी कुडता तसाच धरून बसून राहिले. मागच्या वेळी त्याने मला पाहिलं होतं, तेव्हा त्याला चष्मा लागत नव्हता.